सोमवारी न उठणारी गाडी

माझा धाकटा, सिद्धनाथ, गाडीतून उतरतो ते हत्तीवरून उतरल्यासारखा. आधी एक पाय बाहेर, मग गॉगल, मग पोट. दार असं आपटतो की शेजारच्या दादासाहेबाच्या कोंबड्या उडतात. मग किल्ली बोटावर फिरवत सरळ बाजेवर. आत काय चालू राहिलं, काय लोंबतंय, काय सांडलंय, मागं वळून बघायचं नाही. तीस वर्षांचा घोडा झाला. लहानपणी ताटावरून असाच उठायचा, अर्धी भाकरी चावून तिथंच टाकून. तेव्हा मीच म्हणायचे, असू दे, शेंडेफळ आहे. आता भोगतेय.

गाडी जुनी घेतलेली आहे. त्याला पोरी बघायला जायचं होतं आणि मोटारसायकलवरून गेलं की पोरीचे बाप चहासुद्धा अर्धा कप देतात, असं त्याचं म्हणणं. जुनी असल्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही जुनीच आहे. पण त्यानं तिच्यात जे खुपसून ठेवलं होतं ते मला बघवायचं नाही. बिडी पेटवायला म्हणून पुढं एक भोक असतं ना, त्यात चार तोंडांचं एक बोंडूक घातलेलं. एका तोंडाला फोनची वायर. दुसऱ्याला काचेवर चिकटवलेला कॅमेरा, तो म्हणे रस्ता बघतो. रस्ता बघायला तुला डोळे दिलेत की. तिसऱ्याला वासाची डबी, ती हुक्क्यासारखी वाफ सोडायची, आणि वास कसा, तर मेलेल्या उंदरावर मोगऱ्याची फुलं वाहावीत तसा. चौथ्या तोंडाला आमच्या बिरोबाची तसबीर, तिच्यात बारीक दिवा. खाली पायापाशी आणखी एक डबी खोचलेली, गाडी कुठं आहे ते फोनवर दाखवणारी. गाडी अंगणात, अंगणात कुत्रं, कुत्र्यापाशी मी. तरी हा बाजेवर पडून फोनमध्ये बघायचा गाडी कुठं आहे. दार उघडून बघ म्हटलं तर मलाच अडाणी म्हणायचा.

त्या सगळ्या वायरी एकमेकींत गुंतून सीटपर्यंत लोंबायच्या. वेफरचा चुरा, सांडलेल्या उसाच्या रसाचा चिकटा आणि त्याच्या डोक्याचं तेल, सगळं त्यांना लागलेलं. बकरं सोललं की आतडी लोंबतात तशी दिसायची. आतडी तरी धुता येतात.

मी यात बोलले नसते. त्याची गाडी, त्याची घाण. पण त्या गाडीवर माझ्या नातीची नोकरी टांगलेली होती.

समीक्षा माझ्या थोरल्या लेकाची मुलगी. थोरला आणि त्याची बायको दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते पावसाच्या तोंडाला परत येतात. पोर माझ्यापाशीच वाढली. नर्सिंगचं शिकली, आणि लवळ्याच्या एका मोठ्या कॉलेजच्या दवाखान्यात लागली. आमच्या सात पिढ्यांत कुणी पांढरे कपडे घालून कामाला गेलं नव्हतं. पांढरं फक्त मेंढरं घालायची. थोरला निघताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, आये, पोरीकडं लक्ष ठेव, सहा महिने पक्कं करत न्हाईत, राहिलेले निघू दे. मी म्हटलं, जा निवांत, मी हाय.

पहिले दोन महिने ती एसटीनं जायची. आमची वस्ती मालेच्या वरच्या अंगाला, खाली फाट्यावर सव्वासहाची गाडी मिळते, पुढं एक गाडी बदलायची, आठाच्या आत पोचते. एक दिवस उशीर नाही. मग दसऱ्याच्या तोंडावर सिद्धनाथाची गाडी आली आणि याच्यातला चुलता जागा झाला. घरात गाडी असताना आमची पोरगी एसटीत लोंबकळत जाणार? लोक काय म्हणतील? रोज मी सोडणार, रोज मी आणणार. पोर संकोचली, पण तात्याचं मन कसं मोडायचं म्हणून हो म्हणाली. सव्वासहाऐवजी पावणेसातला निघायला लागली. पास संपला, तो परत काढला नाही.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. वस्तीवरून आमची गाडी उतरताना दादासाहेब बघायचा आणि मी मुद्दाम त्याच वेळी अंगणात सडा टाकायचे.

तर मार्गशीर्षातला एक सोमवार. पोर पांढरे कपडे घालून, डबा घेऊन गाडीत बसली. यानं किल्ली फिरवली. आतून नुसतं टक, टक, टक. म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं. परत फिरवली, टक. मग तेही बंद. सव्वासहाची एसटी केव्हाच गेलेली. दादासाहेब आणि त्याची दोन पोरं बोलावली, उतारावरून ढकलली, धूर ओकत चालू झाली. पोर चाळीस मिनिटं उशिरा पोचली. रात्रपाळीची जी बाई असते तिला दुसरी आल्याशिवाय हलता येत नाही. तिचं तान्हं पोर घरी दुधावाचून रडत होतं. समीक्षाला मोठ्या बाईंनी बोलावून वहीत लाल खूण केली.

सिद्धनाथ म्हणाला, थंडी हाय, थंडीत गाड्या आकडतात.

बरं म्हटलं. पुढचा सोमवार नीट गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच, टक टक. या वेळी ढकलूनही उठेना. पौडचा प्रमोद आला, आमच्या आक्काबाईचा मुलगा. आक्काबाईनं आणि मी एका बांधाला खुरपलेलं आहे. हा प्रमोद गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. बारीक माणूस, कमी बोलतो. त्यानं दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून गाडी उठवली आणि सिद्धनाथाला म्हणाला की उभ्या गाडीत काहीतरी चालू राहतंय, काय काय खोचलंय ते काढून ठेवत जा. तर माझा हा राजा त्याला काय म्हणाला? तू तारा जोड, अक्कल मी घरनं आणलीय. आलेल्या माणसाला, पाणी विचारायच्या आधी. मी चहा दिला प्रमोदला, पण त्यानं अर्धाच घेतला आणि गेला. मला तो अर्धा कप दिवसभर दिसत राहिला.

पोर त्या दिवशी सव्वा तास उशिरा. दुसरी लाल खूण. मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, तुझं काम चांगलं आहे, पोरांना सुई टोचतेस ते त्यांना कळतसुद्धा नाही, पण तिसरी खूण झाली की मी तुला ठेवू शकत नाही. दारात दुसऱ्या मुली उभ्या आहेत. हे पोरीनं मला चुलीपाशी सांगितलं, हळू आवाजात, तात्याला ऐकू जाऊ नये म्हणून. रडली नाही. भाकरीची कडा नखानं खुडत बसली होती.

सिद्धनाथानं नवी बॅटरी आणली आणि बोनेटला लिंबू-मिरची बांधली. सोमवारी कुणाची तरी नजर लागते म्हणाला, आणि दादासाहेबाच्या घराकडं बघितलं.

मी दुसरीतून शाळा सोडली. पण सोमवार मलाही ओळखू येतो. कॅलेंडरपुढं उभी राहिले आणि बोटं ठेवली. सोमवार बंद, सोमवार चालू, सोमवार बंद. मधला सोमवार का चालू? मग आठवलं, त्याच्या आदल्या दिवशी रविवारी हा भुकूमला लग्नाला गेला होता. गाडी हिंडून आली होती. एरवी पोरीला शनिवार-रविवार सुट्टी, आणि त्या दोन दिवसांत हा गाडी काढतच नाही. धरण बघायला पुण्याच्या गाड्यांची ही रांग लागते आमच्या रस्त्याला, ओरखडा पडेल म्हणे. शुक्रवारी संध्याकाळी झूल घालून ठेवतो ते सोमवारी सकाळी काढतो. म्हणजे दमून मरत नव्हती ती. उभी राहून मरत होती.

हे माझ्या मनात त्या शनिवारी संध्याकाळी आलं, मेंढरांपाशी. थोरल्यानं सात मेंढरं मागं ठेवलेली, दोन लंगडी, बाकीची गाभण. आमच्यात पद्धत आहे. सांजेला मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात आली की घरातल्या माणसानं भाकरीला हात लावायच्या आधी एकेकीवर हात फिरवायचा. कानामागं, मानेखाली, जांघेत. गोचीड सापडली की उपटून विस्तवात. माझा नवरा पिराजी तापानं फणफणलेला असला तरी हात फिरवल्याशिवाय जेवला नाही. कारण गोचीड चालत्या मेंढराला फार त्रास देत नाही, मेंढरू झाडाला घासतं, चरतं, खातं, भर पडत राहते. ते बसलं, झोपलं, की ही निवांत प्यायला लागते. एकटी किती पिणार? काही नाही. पण दहा जणी लागल्या आणि मेंढरू दोन दिवस आजारी बसून राहिलं, की तिसऱ्या दिवशी उठत नाही. पिवळं पडतं.

त्या दिवशी एका मेंढीच्या कानामागं सापडली एक, द्राक्षाएवढी फुगलेली, राखी रंगाची. माझ्या बोटात धरली तरी पाय हलवत होती. विस्तवात टाकली, फट्कन फुटली. किळस येतो त्या आवाजाचा, साठ वर्षं ऐकतेय तरी. आणि तिथं बसल्या बसल्या मला प्रमोदचं बोलणं कळलं. उभ्या गाडीत काहीतरी चालू राहतंय.

उठले, सिद्धनाथाच्या बाजेपाशी गेले. सांगितलं, गाडीतलं सगळं उपटून ठेव, सोमवारपर्यंत काही लावू नकोस. फोनमधून डोळे न काढता व्हय म्हणाला. रविवारी सकाळी देवाची पूजा झाली, कपाळाला भंडारा लावून बाहेर आला, तेव्हा परत विचारलं. म्हणाला, काढलंय सगळं, आये, किती वेळा तेच. भंडारा कपाळावर ओला होता अजून.

रविवारी दिवस मावळताना मी झुलीचा कोपरा उचलून काचेला डोळा लावला. आत अंधार, आणि अंधारात एक लाल ठिपका लुकलुकतोय, कॅमेऱ्याचा. खाली पायापाशी एक हिरवा. वासाच्या डबीची वाफ काचेवर बसून ओघळलेली. आणि बिरोबाचा दिवा शांत जळतोय. फोनची वायर तेवढी काढली होती, कारण फोन हातात पाहिजे. बाकी सगळ्या गोचिडी जागच्या जागी, पीत बसलेल्या.

दारांना त्यानं कुलूप लावून किल्ली उशाखाली घेतलेली. किल्ली मागायला गेले असते तर त्यानं परत काढलंय म्हटलं असतं. मी झूल खाली सोडली. हात पदराला पुसले, लागलं काहीच नव्हतं तरी. कपाळाला भंडारा लावून आईशी खोटं बोलणारा माणूस माझ्या पोटी आला, हे मला दादासाहेबाला ओरडून सांगायचं नव्हतं. आत गेले. पोर कपड्यांना इस्त्री करत होती.

"समे," मी म्हटलं, "उद्या सव्वासहाची एसटी धर."

ती म्हणाली, "आज्जी, नवी बॅटरी घातलीय की. तात्यांना वाईट वाटंल."

"वाटू दे. वाईट वाटून कुणाची नोकरी जात न्हाई."

तिनं इस्त्री उभी केली. "ते काय म्हणतील, माझ्यावर भरवसा न्हाई म्हणून?"

मी पाचाचा गजर लाव म्हटलं आणि भाकरी थापायला घेतल्या.

पहाटे तिच्यासोबत फाट्यापर्यंत गेले. धरणाकडून धुकं आलेलं, हात पुढं केला तर बांगडी दिसत नव्हती. पोर सारखी मागं वळून बघत होती, घराकडं, चोरी करून निघाल्यासारखी. मला राग आला. कामाला निघालेल्या माणसानं चोरासारखं निघायचं आणि जो झोपलाय त्याच्या मनाला जपायचं, हे कुठलं शास्त्र? पण पोरीचा स्वभाव तसा आहे, तिच्या बापासारखा. एसटी आली. कंडक्टरनं ओळखलं तिला, म्हणाला, काय सिस्टर, लई दिवसांनी. ती चढली. दिवे धुक्यात गेले तरी मी उभीच होते. उतरत्या वयात माणसाला आपल्याच लेकाविरुद्ध असं लपून उभं राहायला लागावं. परत येताना चढावर दोनदा बसले.

पावणेसातला तो बाहेर आला. केस भिजवून चापून बसवलेले, सूर्य उगवायचा होता तरी गॉगल. ओट्यावरून हाक मारली, समे, चल. मी शेळीची धार काढत होते. झूल ओढली, घडी न घालता चिखलात टाकली. बसला. किल्ली फिरवली.

टक.

पुढं टकटकसुद्धा नाही. एकच टक, आणि मग काही नाही. मघापर्यंत चमकणारा कॅमेऱ्याचा लाल ठिपका विझला.

दादासाहेब ओट्यावर मिश्री लावत बसला होता. थुंकला आणि म्हणाला, "सिद्धा, आज सोमवार हाय व्हय रं?"

सिद्धनाथानं बॅटरी विकणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार केला. मग बोनेट उघडून आत बघत राहिला, विहिरीत पडलेली चप्पल बघतात तसा. मग समे, समे. ओरडायला लागला की पोरी, बाहेर ये, दादासाहेबाच्या मोटारसायकलवर सोडतो. खरोखर घाम फुटला होता त्याला. लाल खूण त्यालाही माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. पोरीनं चुलीपाशी सांगितलेलं त्यानं बाजेवरून ऐकलं होतं. ऐकून, कळून, तरीही रविवारी झुलीखाली हात घालायला याचा हात उचलला नव्हता. त्या क्षणापर्यंत मी त्याला आळशी समजत होते.

घरात शिरला, बाहेर आला. "आये, समी कुटं हाय?"

"जितं असाय पायजे तितं," मी म्हटलं, आणि धार काढत राहिले.

कळायला त्याला वेळ लागला. मग गॉगल काढला. तोंड एवढंसं झालं, आणि मग लाल. प्रमोदला फोन लावला.

प्रमोद यायच्या आधी माझा फोन वाजला. पोर होती. "पोचले, आज्जी. आठाला दहा कमी." मोठ्या बाईंनी आधी घड्याळाकडं बघितलं, मग हिच्याकडं, आणि सहीला स्वतःचं पेन दिलं म्हणाली. रात्रपाळीची बाई तिला बघून लगेच चपला घालायला लागली. मी म्हटलं, डबा खा वेळेवर, आणि फोन ठेवला. मांडीवर हात टेकून थोडी बसले. शेळी ओढ घेत होती, तिला सोडली.

प्रमोद आला. या वेळी मी आधी पाणी दिलं, पूर्ण कप चहा दिला, आणि तो प्यायल्यावरच गाडीला हात लावू दिला. म्हटलं, बाबा, मला दाखव. मला आकडे येत न्हाईत, पण दाखव. त्यानं त्याची बॅटरी जोडली, एक छोटं यंत्र मध्ये घातलं, किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, मावशी, गाडी बंद हाय, किल्ली तुमच्याकडं. आता ह्या काट्याकडं बघा. काटा उजवीकडं सरकून उभा होता. बंद गाडीतून चाललेलं ते पिणं होतं. दादासाहेबही मिश्रीचं बोट तोंडात धरून येऊन उभा राहिला.

कॅमेरा उपटला. काटा एकदम निम्मा खाली आला. गाडी उभी असतानाही हा रस्ता बघत राहतो, प्रमोद म्हणाला, असंच लावलंय ह्येला. रस्ता! वर झूल घातलेली. अडीच दिवस तो झुलीची आतली बाजू बघत होता. वासाची डबी काढली, काटा आणखी खाली. पायापाशची डबी काढली, थोडा खाली. काही गाड्यांत किल्ली काढली की हे भोक आपोआप बंद होतं, ह्या गाडीत आधीच्या मालकानं वायर सरळ बॅटरीला जोडलीय, त्यामुळं कधीच बंद होत नाही, असं त्यानं समजावलं. नवी बॅटरी घातली म्हणून काय, नवीन भांड्यालाही भोक असेल तर पाणी राहत नाही.

काटा अजून थोडा उभा होता. एवढासा. उरला होता फक्त बिरोबाचा दिवा.

आता सिद्धनाथाला पाय टेकायला जागा मिळाली. दादासाहेबाकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आता ह्ये कुणाचं? दसऱ्याला गाडीची पूजा केली तवा तूच म्हणलीस न्हवं, आये, देवाचा दिवा इझवू नगंस? दिवा ठेवायचा म्हंजी ते बोंडूक ठेवायलाच लागतं. म्हणून राहिलं सगळं. तुझ्याच शब्दापायी."

खरं होतं. मी म्हटलं होतं. दसऱ्याला, गाडीला हार घालताना, लोकांसमोर, मोठ्या तोऱ्यात. देवाचा दिवा तेलावर जळतो तेव्हा कळतं किती तेल गेलं, वात खाली जाते, माणूस उठून घालतो. हा दिवा कशावर जळतो ते मी विचारलंच नव्हतं. घाण वाटली मला, खरंच वाटली, आणि ती गाडीची नव्हती. ती सांगायला मला लाज नाही.

प्रमोद हळू म्हणाला, मावशी, हा लई थोडा पितो, ह्याच्या एकट्यानं काही झालं नसतं.

"थोडा पिणारी बी गोचीडच," मी म्हटलं.

दारातून आत वाकले. गुडघे टेकायला लागले त्या चिकट चुऱ्यावर. देवाची माफी मागितली, मनात, आणि तसबिरीची वायर माझ्या हातानं उपटली. दिवा विझला. काटा जवळपास तळाला गेला. तसबीर पदरानं पुसली, वासाच्या वाफेचा राप बसला होता देवाच्या तोंडावर, आणि आत नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. निरांजनात तेल घातलं. मग बाहेर आले.

सिद्धनाथ बोनेटला टेकून उभा होता. दादासाहेब होता, प्रमोद वायरी गुंडाळत होता. माझा लेक म्हणाला, पण डोळे खाली होते, "म्हंजी पोरीला लपवून धाडलीस. माझ्यावर तुझा इस्वास न्हाई, असंच न्हवं?"

लोकांसमोर घरचं बोलू नये, असं मीच शिकवलं होतं त्याला. पण विचारलं त्यानंच, आणि लोकांसमोरच.

मी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं:

"न्हाई. कालपतूर हुता, दिवस मावळताना झूल उचलून बघितली तितं संपला. दिव्याचं म्या चुकले, म्या माझ्या हातानं काढला. तुझं तू काय काढलंस? पोरीच्या दोन लाल खुणा तुला ठाव हुत्या, तरी भंडारा कपाळावर ओला असताना काढलंय म्हणलास. तुझा बाप मेंढरावर हात फिरवल्याबिगर भाकरीला शिवत नव्हता, आन तुला अडीच दिसात एक वायर उपटाय जड झाली. गाडी तुझी हाय, बघाय जातोस त्या पोरींच्या बापास्नी दाखवाय ने, कुटं न्यायची तितं ने. समीक्षा आजपासनं एसटीनं जाणार, तिचा पास म्या काढणार. तिच्या वाटंत परत तुझं चाक आडवं आलं तर तुझ्या थोरल्या भावाला कोकणातनं बोलवीन. आन ती झूल चिखलात टाकलीस ती उचल आधी."